खोकडशिकारीच्या निवेदनातील आरोपांबाबत मंडळाच्या सभासदांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि आपल्या मराठी मंडळाचे सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या गटावर एका निवेदनाचा मसुदा आला. इंग्लंडमध्ये चालणाऱ्या ट्रेल हंटिंगवर, म्हणजे आधी टाकलेल्या वासाच्या मागावर शिकारी कुत्रे धावडवण्यावर, संपूर्ण बंदी घालावी अशी मागणी करणारे हे निवेदन प्रत्येक सभासदाने स्वतःचे नाव आणि पत्ता घालून आपापल्या खासदाराला पाठवावे, असे सोबत सांगितले होते. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ही बंदी घालण्याचे आश्वासन दिलेले आहे, त्यामुळे मागणी योग्य वेळी आली आहे आणि ती मला मान्यही आहे. तरीसुद्धा मी ते निवेदन पाठवलेले नाही, आणि आपणही ते आहे त्या स्वरूपात पाठवू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मसुद्यातील बरीच विधाने चुकीची किंवा अर्धवट आहेत. त्यांतली काही तर ज्यांनी तो गुन्हा केलेलाच नाही अशा माणसांवर केलेले आरोप आहेत, आणि त्या आरोपांखाली आपली नावे जाणार आहेत.

माझा या विषयाशी संबंध काय, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी इंग्लंडला आलो आणि गेली तेवीस वर्षे देशाच्या मध्य भागातील एका ग्रामीण दवाखान्यात गुरे, मेंढ्या, घोडे आणि घरोघरची कुत्री-मांजरे यांच्यावर उपचार करतो आहे. हंटमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांचा ताफा बाळगणाऱ्या मंडळींबरोबर, धावणाऱ्या घोड्यांच्या पायांना मी टाके घातले आहेत, आणि गाडीखाली सापडलेल्या खोकडांचे मोडलेले पायही बसवले आहेत. शिकारीला मी स्वतः कधी गेलो नाही आणि जाणारही नाही.

आधी शब्दाबद्दल, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. मसुद्यात आरंभापासून शेवटपर्यंत ‘कोल्ह्यांची शिकार’ असे लिहिले आहे. मराठीत कोल्हा म्हणजे जॅकल. रात्री गावकुसाबाहेर कोल्हेकुई करतो तो, काकडीला राजी होतो तो. इंग्लंडमध्ये तो नाही. इथे ज्याची शिकार होत असे तो तांबडा फॉक्स, आणि त्याचा आपल्याकडचा लहान भाऊ म्हणजे माळरानावर राहणारा खोकड. इसापाच्या द्राक्षांच्या गोष्टीत फॉक्सचा कोल्हा झाला आणि तिथून ही अदलाबदल आपल्या तोंडी बसली. एकोणिसाव्या शतकात उटीला आणि पुणे-खडकीच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी विलायती पद्धतीने शिकारी कुत्र्यांचे ताफे ठेवले, तेव्हा खोकडाऐवजी ते खरोखरच कोल्ह्यामागे धावत असत, त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतली ‘साहेबाची शिकार’ ही कोल्ह्याचीच होती. इंग्लंडबद्दल लिहिताना मात्र खोकड हाच शब्द बरोबर आहे, आणि या पत्रात, मसुद्यातील वाक्ये देतानाही, मी तोच वापरणार आहे.

मसुद्याचे पहिले वाक्य असे आहे: ‘ब्रिटनमध्ये आजही खेळ म्हणून ही शिकार कायदेशीर आहे.’ हे खरे नाही, आणि खासदाराच्या कार्यालयातील कोणीही पहिल्या ओळीतच निवेदन बाजूला ठेवील. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ चा हंटिंग अॅक्ट १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे आणि कुत्र्यांच्या ताफ्याने खोकडाचा पाठलाग करून त्याला मारणे हा तेव्हापासून गुन्हा आहे. स्कॉटलंडने त्याही आधी, २००२ मध्ये कायदा केला आणि २०२३ मध्ये तो अधिक कडक करताना ट्रेल हंटिंगही बंद केले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र अशी बंदी नाही. तेव्हा ‘ब्रिटनमध्ये’ असे सरसकट लिहिताच आपण तीन वेगवेगळ्या ठिकाणचे कायदे एकाच पोत्यात भरतो. वादाचा मुद्दा इंग्लंड आणि वेल्सपुरता आणि नेमका आहे. बंदीनंतर बहुतेक हंटांनी ट्रेल हंटिंग सुरू केले. यात कोणी तरी आधी जाऊन वासाचा फडका ओढत नेतो आणि कुत्रे त्या मागावर धावतात. हा वास बहुधा खोकडाच्याच मुताचा असतो, आणि माग खोकडांचा वावर असलेल्या झाडीतून नेला जातो. कुत्र्यांनी मध्येच जिवंत खोकड उठवला, तर तो अपघात होता असे सांगता येते. कायद्याने गुन्हा ठरायला हेतू सिद्ध करावा लागतो आणि शिक्षा केवळ दंडाची आहे, कैदेची नाही. एवढे चार मुद्दे नीट लिहिले तरी निवेदन आजच्यापेक्षा दसपट वजनदार होईल.

‘लाल कोट घातलेले उमराव’ हे शब्द मसुद्यात तीन ठिकाणी आहेत. मोठ्या जमीनदारांचा या शिकारीशी संबंध जुना आणि खरा आहे. लेस्टरशायरमध्ये अठराव्या शतकात ह्यूगो मेनेल यांनी वेगवान कुत्र्यांची पैदास करून या शिकारीला आजचे रूप दिले, आणि त्यामागे धावायला घोडा, फुरसत आणि पैसा लागत असे. पण सगळेच उमराव, हे खोटे आहे. दक्षिण वेल्समध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांनी स्वतःचा हंट उभा केला आणि त्याचे नावच बॅनवेन मायनर्स हंट. कंब्रियाच्या डोंगरात घोडा चालतच नाही, तिथे मेंढपाळ पायी कुत्र्यांमागे जात. लाल कोट हंटच्या नोकरांच्या आणि काही मोजक्या सभासदांच्या अंगावर असतो, बाकीचे काळ्या किंवा तपकिरी कोटात असतात. आता मी जिथे गायींवर उपचार करतो त्या शेतकऱ्यांपैकी निम्मे जण कधी ना कधी हंटबरोबर गेलेले आहेत. त्यांच्यावर बँकेची कर्जे आहेत, पहाटे साडेचारला दूध काढायला उठणारी ती माणसे आहेत. त्यांना ‘उमराव’ म्हटल्याने एका खोकडाचाही जीव वाचणार नाही, मात्र ज्या मतदारसंघांत ते राहतात तिथल्या खासदाराला आपले पत्र फेकून द्यायला चांगले कारण मिळेल.

यापुढचा आरोप मला सर्वांत अधिक लागला. मसुदा म्हणतो की ‘हंटचे लोक शिकारी कुत्र्यांना रक्ताची चटक लावण्यासाठी गावातील पाळीव मांजरे पळवतात.’ हंटच्या कुत्र्यांनी पाळीव जनावरे मारल्याच्या घटना घडल्या आहेत, हे मी नाकारत नाही. मार्च २०२१ मध्ये कॉर्नवॉलमधील मॅड्रन या गावात वस्तीत घुसलेल्या कुत्र्यांनी एका घराजवळ मांजर मारले, ते देशभर गाजले आणि गाजायलाच हवे होते. परंतु ताबा सुटलेल्या कुत्र्यांनी मांजर मारणे आणि माणसाने ते त्यासाठी चोरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा पुरावा तेवीस वर्षांत मला एकदाही दिसलेला नाही. तो आरोप मात्र मी जवळून पाहिला आहे, आणि त्यात माझाही हात होता.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आमच्या भागातील एका गावातून एक करडी मांजर नाहीशी झाली. दोन दिवसांत गावाच्या गटावर एका माणसाचे छायाचित्र आले. तो शेजारच्या हंटच्या कुत्रेखान्यात काम करणारा नोकर होता आणि आपल्या गाडीपाशी उभा होता. खाली लिहिले होते की हाच माणूस मांजरे उचलतो. मी तो मजकूर पुढे पाठवला आणि वर स्वतःची एक ओळ जोडली, ‘मला याचे आश्चर्य वाटत नाही.’ पशुवैद्याने लिहिले म्हटल्यावर तो मजकूर आणखी फिरला. अकराव्या दिवशी ती मांजर शेजाऱ्याच्याच बंद गॅरेजमध्ये सापडली. शेजारी सुट्टीवर जाताना दार ओढून गेला होता आणि ती आत राहिली होती. तिला आमच्याकडेच आणले. अंगावर नुसती कातडी आणि हाडे राहिली होती, तिला सलाइन मीच लावले. मूळ मजकूर गुपचूप काढून टाकला गेला. चूक झाली, असे कोणीही लिहिले नाही. मीही नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका गोठ्यात मी पोहोचण्याआधीच एक गाय दगावली होती. २००३ पासून मेलेले जनावर शेतातच पुरायला इथे मनाई आहे, आणि अनेक भागांत ते उचलून नेण्याचे काम हंटचे कुत्रेखाने करतात, कारण ते मांस कुत्र्यांना घालता येते. त्या दिवशी गाडी घेऊन तोच माणूस आला. त्याने गायीच्या मागच्या पायांना साखळी बांधली, विंचने तिला हळूहळू गाडीत ओढून घेतले, माखलेले हातमोजे काढले आणि शेतकऱ्यापुढे पावती धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘डॉक्टर, ती मांजर आता बरी आहे ना?’ बरी आहे, असे मी सांगितले. ‘माझी मुलगी शाळेच्या बसने जात नाही हल्ली. मीच सोडतो तिला,’ एवढेच तो पुढे बोलला. तो मजकूर मीही पाठवला होता, हे त्याला सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात तो म्हणाला, ‘माहीत आहे मला. तुमचं नाव होतं ना त्यावर.’ आणि पावतीवर शेतकऱ्याची सही घेऊन तो निघून गेला.

मसुद्यातले ते वाक्य वाचताना मला त्याचे ते शब्द आठवले. त्या वाक्यात माणसाचे नाव नाही, म्हणून ते निरुपद्रवी आहे असे कृपया समजू नये. आमच्या पंचक्रोशीत कुत्रेखान्यात काम करणारी माणसे मोजून चार-पाच आहेत. आरोप ‘हंटच्या लोकांवर’ केला की तो कोणाच्या दारात जाऊन पडतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. एकदा नाव कानफाट्या पडले की ते पुसता येत नाही.

बरे, कुत्र्यांना तयार करण्याबद्दलच लिहायचे असेल, तर जे खरोखर होत असे तेच पुरेसे गंभीर आहे. बंदीपूर्वी मुख्य हंगाम नोव्हेंबरात सुरू होण्याआधी, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, तरुण कुत्र्यांना शिकवण्यासाठी त्या वर्षीच जन्मलेल्या खोकडांवर सोडले जाई. झाडीला माणसांचा आणि घोड्यांचा वेढा घालून पिल्लांना बाहेर पडू दिले जात नसे. याला कबिंग म्हणत, हंटवाल्यांनी ते कधी लपवले नाही, आणि ‘ऑटम हंटिंग’ या सौम्य नावाने त्याचे समर्थनही केले. मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. जे सिद्ध आहे ते सोडून जे रचलेले आहे ते आपण का पुढे करावे?

खोकडाची जिवंत पिल्ले कुत्र्यांपुढे टाकल्याचा आरोपही मसुद्यात आहे, आणि तो ‘सर्व हंटांमध्ये सर्रास’ चालतो असे म्हटले आहे. इथे मला दोन्ही बाजूंना सांगायचे आहे. साउथ हेरेफर्डशायर हंटच्या कुत्रेखान्यात २०१६ मध्ये हे घडले, ते लपवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपले, आणि २०१९ मध्ये न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला. तेव्हा ‘असे कधी होतच नाही’ म्हणणारे हंटसमर्थक चुकीचे बोलतात. पण एका ठिकाणचा सिद्ध झालेला गुन्हा दोनशेच्या आसपास हंटांच्या माथी मारणे म्हणजे सुक्याबरोबर ओले जाळणे होय. निवेदनात त्या एका प्रकरणाचे नाव, वर्ष आणि निकाल लिहा. ‘सर्रास’ हा शब्द काढा.

इथे थोडे विषयांतर करतो. एका गटातल्या कोणी गुन्हा केला म्हणून अख्खा गट गुन्हेगार ठरवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी फासेपारध्यांच्या पालावर पोलीस आजही आधी जातात आणि पुरावा नंतर शोधतात. हंटवाल्यांची आणि पारध्यांची परिस्थिती एकसारखी नाही, हे मला चांगले कळते. एकाकडे जमीन, वकील आणि संसदेत ओळखी आहेत, दुसऱ्याकडे रेशनकार्डही नसते. पण बोट दाखवणाऱ्याची सवय तीच असते, आणि ती सवय आपल्याला इथे यायला नको.

आता मरणाच्या प्रकाराबद्दल. ‘खोकडाला जिवंतपणी फाडले जाते’ असे मसुदा म्हणतो. हंटसमर्थक म्हणतात की पुढचा कुत्रा मान पकडतो आणि खोकड क्षणात मरतो, त्याला काही कळतही नाही. सरकारने नेमलेल्या आणि लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००० मध्ये दिलेल्या अहवालात या दोन्ही दाव्यांची तपासणी केली आहे. पकडल्यावर शुद्ध हरपणे आणि मृत्यू हे सहसा काही सेकंदांत होते, म्हणजे फाडले जाते ते बहुधा मेलेले शरीर असते. मात्र दर वेळी मानेवर एकच चावा आणि तत्काळ मृत्यू, हेही खरे नाही. आणि समितीचा निष्कर्ष स्पष्ट आहे की जवळून पाठलाग होणे, पकडले जाणे आणि मारले जाणे या अनुभवामुळे खोकडाच्या स्वास्थ्याला गंभीर बाधा पोहोचते. बिळात दडलेल्या खोकडावर टेरियर जातीचे लहान कुत्रे सोडून, वरून खणून त्याला बाहेर काढण्याच्या पद्धतीबद्दलही समितीचे मत तसेच प्रतिकूल होते. पशुवैद्य म्हणून मला यात भर घालायची गरज वाटत नाही. धाप लागून तोंड उघडे पडलेले, डोळे ताणलेले जनावर मी टेबलावर पाहिले आहे, मग ते खोकड असो वा रस्त्यावर पाठलाग झालेले कुत्रे. शेवटचे काही सेकंद किती हा त्यातला लहान प्रश्न आहे. त्याआधीचा पाठलाग हा मोठा प्रश्न आहे, आणि मसुद्यात नेमका तोच सुटला आहे.

शेतकऱ्यांविषयीच्या परिच्छेदाबद्दल मला अधिक लिहावे लागेल. ‘खोकड कोकरांना हातही लावत नाही, शेतकरी शिकारीसाठी हे खोटे रचतात,’ असे त्यात आहे. उलट हंटच्या बाजूची मंडळी खोकडाला कोकरांचा कर्दनकाळ ठरवतात आणि तो मजेसाठी मारतो असे म्हणतात. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधे कुठे आहे, हे मला दर मार्च महिन्यात बादलीभर पाण्यात दिसते.

मेंढ्या विण्याच्या दिवसांत एका शेतकरी बाईंनी मला पहाटे बोलावले. कुंपणाच्या कडेला पाच मेलेली कोकरे ओळीने मांडून ठेवली होती. कुणाची शेपटी गेलेली, कुणाची जीभ, एकाचे पोट उघडलेले. ‘सगळी त्याचीच करामत,’ त्या म्हणाल्या. मी एकेक कोकरू उघडले. जन्मल्यावर एकदाही श्वास न घेतलेल्या कोकराचे फुप्फुस घट्ट आणि गडद असते, त्याचा तुकडा पाण्यात टाकला की तळाला जातो. श्वास घेतलेल्याचा तुकडा तरंगतो. तीन तुकडे बुडाले. त्या तिघांच्या खुरांवर जन्माच्या वेळी असते ती मऊ पिवळट टोपी जशीच्या तशी होती, म्हणजे ती जमिनीवर एक पाऊलही चालली नव्हती. चौथ्याचे फुप्फुस तरंगले, पण पोटात दुधाचा थेंब नव्हता, आणि चाव्याच्या जागी रक्त साकळलेले नव्हते. ते उपाशी, गारठून मेले होते आणि खोकडाने नंतर खाल्ले होते. पाचव्याच्या गळ्याभोवती मात्र कातडीखाली काळेनिळे रक्त साठले होते, आणि पोट दुधाने भरलेले होते. ते धडधाकट कोकरू होते आणि त्याला खोकडानेच मारले होते. बाई पाचही तुकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. सकाळी उठून जे दिसले त्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता, आणि पाचपैकी एका बाबतीत तो बरोबर होता.

बर्न्स समितीनेही जवळपास हेच मांडले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जी कोकरे एरवी जगली असती त्यांपैकी खोकडांमुळे दगावणारी दोन टक्क्यांहूनही कमी असतात. देशाच्या हिशेबात हे प्रमाण थोडे आहे, पण ज्याची ती कोकरे त्याला ते थोडे वाटत नाही. म्हणून ‘हातही लावत नाही’ हे वाक्य गेले पाहिजे, आणि ‘शेतकरी खोटे रचतात’ हे त्याआधी गेले पाहिजे. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला खोकड सगळ्या कोंबड्या मारतो, हेही खरे आहे, पण ती मजा नव्हे. रानात एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जातात, त्यामुळे समोर धडपडणारे सावज आहे तोवर मारत राहायचे आणि जादा झालेले पुरून ठेवायचे, एवढेच त्याच्या अंगात भिनलेले असते. खुराड्यात कोंबडी उडू शकत नाही. दार नीट लावले नाही, हा दोष माणसाकडे जातो.

‘शिकार नसेल तर खोकडांचा सुळसुळाट होईल’ या दाव्याला उत्तर म्हणून मसुद्यात काहीच नाही, आणि इथेच आपल्याकडे सर्वांत भक्कम पुरावा होता. हंट वर्षाला एकवीस ते पंचवीस हजार खोकड मारत असत, असे बर्न्स समितीने नोंदवले. देशात दरवर्षी सगळ्या कारणांनी मरणाऱ्या खोकडांची संख्या चार लाखांच्या घरात होती. पुढे २००१ मध्ये गुरांमध्ये लाळ-खुरकुताची मोठी साथ आली तेव्हा देशभर दहा महिन्यांच्या आसपास शिकार थांबली, आणि संशोधकांनी आधीची व नंतरची संख्या ताडून पाहिली. खोकड वाढल्याचे त्यांना आढळले नाही. तो अभ्यास २००२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. त्या साथीत मी इथे नव्हतो. पण ज्या शेतकऱ्यांची सगळी गुरे डोळ्यांदेखत मारून जाळली गेली ते आजही ती आठवण काढताना थांबतात. त्या वर्षातून निघालेला हा एक पुरावा तरी आपण वाया घालवू नये.

ट्रेल हंटिंगचा सगळा बनाव २०२१ मध्ये न्यायालयात सिद्ध झाला, असे शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे आणि हंटांच्या संघटनेचे तेव्हाचे संचालक मार्क हॅन्किन्सन यांचा ‘दोषी’ असा उल्लेख आहे. हंटांच्या ऑनलाइन प्रशिक्षणातील त्यांच्या बोलण्यावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना दोषी ठरवले गेले, हे खरे. पण जुलै २०२२ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. आज त्यांना दोषी म्हणणे हे साध्या शब्दांत असत्य आहे, आणि लेखी निवेदनात ते कायद्याच्या दृष्टीनेही अंगाशी येऊ शकते. त्याच वेळी, ते सुटले म्हणून ट्रेल हंटिंग स्वच्छ ठरले, असे म्हणणाऱ्यांचेही म्हणणे टिकत नाही, कारण एका माणसाच्या बोलण्याचा हेतू निःसंशय सिद्ध झाला नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ आहे. प्रत्यक्षात काय घडले ते लिहा. त्या प्रशिक्षणाच्या चित्रफिती बाहेर आल्यावर नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांनी संस्थेच्या जमिनीवर ट्रेल हंटिंग नको असे बहुमताने ठरवले, आणि ट्रस्टने परवाने देणे बंद केले. हे कोणी खोडून काढू शकत नाही.

मसुद्यावरील चर्चेत आपल्याच एका ज्येष्ठ सभासदाने उलट बाजूने लिहिले की शिकार रोखायला जाणारे तरुण ‘पैसे घेऊन आलेले गुंड’ असतात. तेही आपण करू नये. शिकार रोखणाऱ्यांची संघटना १९६३ पासून आहे. शिंग वाजवून, हाका देऊन, सिट्रोनेला हे उग्र वासाचे तेल फवारून कुत्र्यांचा माग चुकवणे हे त्यांचे मुख्य काम. त्यांच्यातल्या काहींनी मारामारी केली आहे, तशी हंटसमर्थकांनीही केली आहे. हंटच्या वाहनाखाली येऊन १९९१ मध्ये माइक हिल हा अठरा वर्षांचा आणि १९९३ मध्ये टॉम वर्बी हा पंधरा वर्षांचा मुलगा मरण पावला. वॉरिकशायरमध्ये २००९ साली, शिकारीवर नजर ठेवणाऱ्या एका छोट्या विमानाच्या पंख्याने हंटचा एक समर्थक मरण पावला, आणि वैमानिकाला ज्युरीने मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. या तिन्ही घरांत खुर्ची रिकामी राहिली. त्यांच्याबद्दल लिहिताना आपण ‘गुंड’ आणि ‘खुनी’ हे शब्द दोन्हीकडून टाळावेत, इतके तरी आपल्याला जमले पाहिजे.

माझी विनंती अशी आहे. मांजरांचे वाक्य, ‘सर्रास’ हा शब्द, ‘उमराव’ तिन्ही ठिकाणांहून, शेतकऱ्यांच्या खोटेपणाची ओळ आणि हॅन्किन्सन यांच्याविषयीचा शेवटचा परिच्छेद एवढे काढून टाकावे. त्यांच्या जागी कायद्यातील हेतूची पळवाट, खोकडाच्या मुताऐवजी पूर्णपणे कृत्रिम वास वापरणारी आणि खोकडांपासून दूर धावणारी ड्रॅग हंटिंगची जुनी पद्धत, कबिंग, आणि २००१ चा अनुभव हे घालावे. ड्रॅग हंटिंग चालू राहू शकते, घोडे धावू शकतात, कुत्रेखाने मेलेली गुरे उचलू शकतात, आणि त्या माणसाची नोकरी राहू शकते, हेही त्यात लिहावे. बंदीमुळे ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांना पर्याय काय, हे बंदी मागणाऱ्याने सांगितले तर खासदार ते ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. येत्या रविवारी मंडळाच्या सभागृहात मी दुपारी दोनपासून बसेन. ज्यांना मसुदा एकत्र बसून दुरुस्त करायचा आहे त्यांनी यावे. बर्न्स अहवालाची माझी खुणा केलेली प्रत मी घेऊन येईन.

आणखी एक गोष्ट, आणि ही मात्र रविवारपर्यंत थांबू शकत नाही. मसुद्याच्या शेवटी नाताळानंतरच्या बॉक्सिंग डेच्या मेळाव्याचे एक छायाचित्र जोडले आहे आणि त्याखाली ‘हेच ते क्रूर लोक’ असे लिहिले आहे. त्यात उजवीकडून दुसरा, टोपी हातात धरून उभा असलेला माणूस म्हणजे तो कुत्रेखान्यातला नोकर. त्याच्या शेजारी लाल स्वेटर घातलेली मुलगी त्याची आहे. ते छायाचित्र कृपया आजच गटावरून काढावे, आणि ज्यांनी पुढे पाठवले असेल त्यांनी ज्यांना ज्यांना पाठवले त्यांना तसे कळवावे.

कळावे,

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद आणि पशुवैद्य